जोहारची वाट

उत्तराखंडातल्या कुमाऊँच्या डोंगरांतलं मुनस्यारी. इथे येणारी बहुतेक मराठी मंडळी नैनिताल, कौसानी, चौकोरी करत संध्याकाळी पोचतात. मावळतीच्या उजेडात पंचाचुली तांबडी होताना बघतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता उरकून परतीला लागतात. पंचाचुली आहेच तशी. पाच शिखरं ओळीने, सगळ्यांत उंच ६,९०४ मीटर, आणि गावातून इतकी समोर की मान वर करावी लागते. स्वर्गारोहणाला निघालेल्या पांडवांनी शेवटचा स्वयंपाक इथल्या पाच चुलींवर केला, अशी कथा आहे. पण त्या शिखरांसाठीच येऊन जाणं म्हणजे या भागाचं अर्धंही न बघणं, असं मला मनापासून वाटतं. मुनस्यारी हे जोहार खोऱ्याचं दार आहे, आणि बघायची ती दाराच्या आतली वाट.

मला तिथे नेलं ते एका शाळामास्तराने. मी हिंगणघाटला भूगोल शिकवते. आमच्या गावात विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा हा माणूस २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याच्यानंतर ते काम बघणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट आणि अँड्र्यू वॉ यांच्या काळात ती मोजणी हिमालयाच्या पायथ्याला भिडली आणि तिथे थांबली, कारण पलीकडे तिबेट होता आणि गोऱ्या माणसाला तिथे प्रवेश नव्हता. पुढचं काम ज्यांनी केलं त्यांतले सगळ्यांत मोठे नैनसिंग रावत. जन्म १८३०, गाव मिलम, जोहार. गावच्या शाळेत शिकवायचे म्हणून मोजणी खात्यात त्यांचं नाव ‘पंडित’ पडलं. आमच्या गावात सुरुवातीच्या माणसाची कबर, आणि ज्याने ते काम डोंगरापलीकडे नेलं त्याचं गाव इथे. मुलांना हे दरवर्षी सांगताना ते गाव कुठल्या डोंगरात आहे हे मला बघायचं होतं.

काठगोदामला रेल्वे संपते. तिथून गाडीने दोन दिवस धरून चाला, घाई करू नका. थलच्या पुढेही काही अंतर रामगंगेची साथ असते, ती सुटली की चढ लागतो. बिर्थीचा धबधबा रस्त्यावरूनच दिसतो, सव्वाशे मीटर उंच. पुढे कालामुनीच्या खिंडीत देवीचं देऊळ आहे, नवसाच्या घंटांनी भरलेलं. आमच्या चालकाने, दाज्यू म्हणायचो आम्ही त्यांना, तिथे गाडी थांबवली, हात जोडले, आणि पुढच्या वळणावर पंचाचुली एकदम समोर आली.

उतरलो सरमोलीत. मुनस्यारी बाजारापासून थोडं वर असलेलं हे गाव, आणि इथे गावातल्या बायकांनीच घरोघरी पाहुण्यांची सोय सुरू केली आहे. हॉटेलात राहू नका, इथे राहा. जेवणात मुनस्यारीचा पांढरा राजमा असतो, त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्यावर जंबूची फोडणी. जंबू म्हणजे कांदा-लसणाच्या कुळातली उंचावरची एक वनस्पती, तिची वाळवलेली पाती तुपात टाकली की सगळ्या घराला वास लागतो. सोबत मडुव्याची रोटी, म्हणजे आपली नाचणीचीच भाकरी. घरच्या दीदी मला चुलीपाशी बसवून वाढायच्या आणि त्यांच्या सासूबाई, सगळे ज्यांना आमा म्हणतात, बोलत राहायच्या. वर मिलमला त्यांचं घर होतं. भिंती अजून उभ्या आहेत, छप्पर नाही.

इथल्या शौका लोकांचं, म्हणजे जोहारच्या व्यापारी जमातीचं, जगणं १९६२ पर्यंत वाटेवरचं होतं. उन्हाळ्यात सगळं बिऱ्हाड वर, मिलम, मर्तोली, बुर्फू, बिल्जू, पाछू या गावांत. थंडी लागली की मुनस्यारीत, आणि मग आणखी खाली, उबदार खोऱ्यांत. शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर लोकरीच्या छोट्या थैल्या बांधून धान्य, गूळ, कापड तिबेटात जायचं, आणि त्याच थैल्यांतून मीठ, टाकणखार आणि लोकर परत यायची. वाटेत ऊंटाधुरा, जयंती आणि कुंगरी-बिंगरी अशा तीन खिंडी. तिन्ही पाच हजार मीटरच्या वर, आणि मध्ये मुक्कामाला धड जागा नाही म्हणून तिन्ही एका दमात ओलांडायच्या. पलीकडे ग्यानिमाची मंडी. तिथे प्रत्येक शौका घराण्याचा ठरलेला तिबेटी ‘मित्र’ असे. व्यवहार त्याच्याशीच, आणि तो संबंध बापाकडून मुलाकडे जायचा. नोव्हेंबरात काली आणि गोरी नद्यांच्या संगमावर जौलजीबीची जत्रा, जानेवारीत बागेश्वरला उत्तरायणीची. तिबेटची लोकर या जत्रांतून खाली कुमाऊँभर जायची.

भूगोलाच्या पुस्तकात आपण ‘सीमावर्ती भाग’ शिकवतो तेव्हा मुलांच्या डोळ्यांपुढे देशाचा शेवट येतो. जोहार शेवट नव्हता, मधला रस्ता होता. १९६२ च्या युद्धाने खिंडी बंद झाल्या आणि एका हंगामात रस्त्याचं टोक झालं. मिलमला एकेकाळी पाचेकशे घरं होती असं सांगतात. व्यापार गेला तशी माणसं खाली उतरली. १९६७ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, मुलं शिकली, सरकारी नोकऱ्यांत मोठ्या पदांवर गेली. आमांचे दोन्ही मुलगे मैदानात नोकरीला आहेत. हे त्या अभिमानाने सांगत होत्या, आणि लगेच मिलमच्या घरामागच्या बटाट्याच्या वाफ्याबद्दल.

हा सगळा व्यवहार डोळ्यांनी बघायचा तर नानसेन गावातलं जनजातीय वारसा संग्रहालय बघा. निवृत्त शिक्षक आणि जोहारचे इतिहासकार डॉ. शेरसिंग पांगती यांनी ते आपल्या घरात उभं केलं. चहा घुसळायचे लाकडी नळे, वजनं-मापं, मेंढ्यांच्या थैल्या, जुने कागद, कपडे, दागिने. काचेआड नीट मांडलेलं वगैरे काही नाही, घरातल्या वस्तू घरातच आहेत. मी तिथे अर्धा दिवस काढला. एवढ्या लांब येऊन ही जागा टाळणाऱ्या सहलवाल्यांचा मला खरोखर राग येतो.

दरकोट गाव तिथून काही किलोमीटरवर. इथल्या बायका अजून विणतात. थुलमा म्हणजे जाड लोकरीचं पांघरूण, पंखी म्हणजे शाल, आणि दन म्हणजे गालिचा. एका ओसरीवर उभ्या मागापुढे एक बाई बसल्या होत्या. ताण्याच्या दोन धाग्यांभोवती लोकरीची गाठ, सुरीने टोक कापणं, पुढची गाठ. ओळ भरली की आडवा धागा घालायचा आणि लोखंडी पंज्याने ठोकून ती ओळ खाली बसवायची. नक्षीचा कागद कुठेच नव्हता. मध्येच त्यांनी हात न थांबवता विचारलं, “कहाँ से आए हो, दीदी?” मी महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांच्या नातलगाची पुण्यातली सैन्यातली नेमणूक निघाली आणि बराच वेळ गप्पा झाल्या. लोकर पूर्वी तिबेटची असायची, आता बाहेरून येते. एका दनाला महिने जातात. इथे भाव करू नये, ही माझी कळकळीची विनंती.

आणि आता नैनसिंग. १८६३ मध्ये मोजणी खात्यातल्या कॅप्टन माँटगोमरीने त्यांना आणि त्यांचे भाऊबंद मणिसिंग यांना निवडलं, डेहराडूनला शिकवलं. शिकवलं काय, तर चालायला. चढ असो, उतार असो, दगड असोत, पाऊल एकाच लांबीचं पडलं पाहिजे. मैलाला साधारण २,००० पावलं. हातात जपमाळ, पण १०८ मण्यांची नाही, १०० मण्यांची. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे पूर्ण माळ झाली की दहा हजार पावलं. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. पारा कवड्यांत भरलेला, कोन मोजायचा सेक्स्टंट पेटीच्या चोरकप्प्यात. व्यापाऱ्याच्या वेषात नेपाळमार्गे ते जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचले, पाणी किती अंशांना उकळतं त्यावरून शहराची उंची काढली आणि मानसरोवरावरून परतले. पुढे लेहहून ल्हासा आणि तिथून तवांगमार्गे आसाम, १८७४-७५. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिलं. आपल्या टपाल खात्याने तिकीट काढलं २००४ मध्ये.

मिलमकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर, गोरीच्या कडेने, मी एक सकाळ आईची तुळशीची माळ हातात घेऊन चालले, शंभरापुढचे आठ मणी दोऱ्याने बांधून. सपाटीवर मोजणं जमतं. पण ती वाट कड्याला खोदलेली, मध्येच पायऱ्या, मध्येच ओढा, समोरून शेळ्या आल्या की डोंगराच्या अंगाला चिकटून उभं राहायचं. खाली गोरीचा आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दगडावरून उतरताना पाऊल आपोआप लांब पडतं, चढताना आखूड होतं. ते एकसारखं ठेवायला शरीराला सतत बजावत राहावं लागतं. असं शेकडो मैल, पकडलं गेलं तर जीव जाईल हे माहीत असताना. वर्गात फळ्यावर ‘२,००० पावलं = १ मैल’ लिहिणं निराळं.

जायचं तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिलात खलिया टॉपच्या वाटेवर बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो आणि पहाटे नशिबात असेल तर मोनाल पक्षी दिसतो. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा नको. मिलमपर्यंत जायला परवाना लागतो, ओळखपत्रं आणि फोटो घेऊन जा. उन्हाळ्यात काही कुटुंबं अजूनही वर जातात, बटाटा लावतात, जडीबुटी गोळा करतात, थंडीआधी उतरतात. आमांच्या पुतण्याचं कुटुंब त्यांतलंच. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरला की त्यांच्याकडे वर मिलमला जायचं मी ठरवून आले आहे. शाळेच्या रजेचा अर्ज दिला आहे.