चिंच, राख आणि राणीछाप रुपये

खानापूरकडच्या आमच्या घरी दर दिवाळीला आज्जी पितळी डब्यातले चांदीचे रुपये काढायची, चिंच आणि चुलीतली राख लावून लखलखीत घासायची आणि लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मांडायची. तिच्या पश्चात ते सत्तावीस रुपये माझ्याकडे आले. किंमत कळावी म्हणून मी ते बेळगावात शहापूरच्या एका सराफांकडे नेले, तेव्हा त्यांनी सगळे एकदमच काट्यावर टाकले आणि ‘सगळं चांदीच की ओ,’ म्हणत मोडीचा एक भाव सांगितला.

सगळी चांदी एकसारखी नव्हती, हे नाण्यांवरची वर्षे वाचू लागल्यावर माझ्या ध्यानात आले. १८३५ पासून चाललेला कंपनीचा आणि पुढे राणीचा रुपया एक तोळा वजनाचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असे आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असे. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण भासू लागल्यावर १९४० पासून सरकारने वजन तेच ठेवून चांदी निम्म्यावर आणली, आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा निघाला. आज्जीच्या डब्यात सहाव्या जॉर्जचे असे निम्म्या चांदीचे नऊ रुपये होते. सराफांनी सरसकट भाव लावताना कोणती चांदी धरली होती, हे मी विचारलेच नाही.

संग्राहकाचा हिशेब मात्र काट्यावर संपत नाही. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसू लागला, त्यावर लोकांत नाराजी पसरली, बहुतेक नाणी परत वितळवली गेली आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून आला. त्यामुळे त्या सालचा रुपया चांदीच्या भावापेक्षा पुष्कळ जास्त किमतीला जातो, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही बाजारात फिरतात. वजन कमी भरले, पृष्ठभागावर ओतकामाची सूक्ष्म छिद्रे दिसली किंवा लोहचुंबकाने नाणे ओढले, तर ते हातातून सोडावे. चुंबकाला न चिकटणारे नाणे अस्सलच असते असे मात्र नव्हे.

माझ्या डब्यात १९११ चा रुपया नव्हता. १८६२ चे तीन होते. पण त्यावरून ते १८६२ सालीच पाडले असे ठरत नाही, कारण टांकसाळीने तेच वर्ष १८७३ पर्यंत कायम ठेवले होते. त्या तिन्हींवर राणीचे केस आणि गाल राखेने इतके गुळगुळीत झाले होते की संग्राहकाने त्यांना चांदीपलीकडे काही द्यावे अशी अपेक्षाच उरली नाही. एका चौथ्या रुपयाला तर माळेत ओवण्यासाठी कडी डागलेली होती. आज्जीची भक्ती आणि नाण्याची किंमत यांचे कधी जमलेच नाही, हे मान्य करायला मला वेळ लागला.

आता मी ती नाणी कडेला धरतो, घासत नाही आणि कागदी पाकिटांत ठेवतो, कारण काही नरम प्लास्टिकच्या पिशव्यांत चांदीवर हिरवट चिकटा धरतो. गेल्या दिवाळीला ती काळसर नाणी पाटावर पाहून काकूंनी विचारले, ‘रुपये घासले नाहीस व्हय रे?’