खयची संस्था?

जामसंड्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ऐन आंब्याच्या गडबडीत काकांनी बोलावलं, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं असणार. कुणकेश्वरच्या वाटेवर त्यांची कलमं. पेट्यांच्या ऑर्डरी, बिलं, सगळं घरच्या पीसीवर. कुठेही क्लिक केलं की रमीची जाहिरात उघडायची.

कोपऱ्यातले 'तुमच्या पीसीत व्हायरस आहे' हे इशारे लगेच गेले. कुठल्याशा साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली होती, ती काढली. खरं दुखणं एका एक्स्टेन्शनचं, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं. नाव पीडीएफ कन्व्हर्टरचं, धंदा जाहिराती घुसवण्याचा. त्याला रिमूव्हचं बटणच नव्हतं. वर क्रोम सांगत होता, हा ब्राउझर तुमची संस्था चालवते.

"संस्था? खयची संस्था? मी एकाच सोसायटीचो चेअरमन. तिका ह्या जमला असता तर आणखी काय होया होता!"

ऑफिसांना कर्मचाऱ्यांच्या मशीनवर एखादं एक्स्टेन्शन सक्तीने बसवता यावं, म्हणून क्रोम विंडोजच्या रजिस्ट्रीतली (सेटिंग्जच्या साठ्यातली) पॉलिसी, म्हणजे ऑफिसने घालून दिलेले नियम, वाचतो. अ‍ॅडवेअर, म्हणजे जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर, नेमकं तिथेच आपलं नाव लिहितं. क्रोमला वाटतं साहेबांचा हुकूम आहे, आणि तो घरमालकालाही हात लावू देत नाही. चोराने वॉचमनचा गणवेश घालावा तसं. (हरामखोर असले तरी डोकं आहे, हे मानायला हवं.)

पॉलिसीची नोंद उडवली, रीस्टार्ट केलं, नोंद हजर! म्हणजे कोणीतरी ती पुन्हा लिहीत होतं. आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी दाखवणारं ऑटोरन्स चालवलं, तर टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या भागात, अपडेटरच्या नावाचं एक टास्क सापडलं. लॉगिन झालं की अ‍ॅपडेटा फोल्डरमधली फाइल चालवायची, एवढंच त्याचं काम. आधी टास्क काढलं, मग फाइल, मग पॉलिसी. शेवटी असलं सॉफ्टवेअर शोधून काढणारं अ‍ॅडवक्लीनर फिरवलं. रीस्टार्टनंतर सगळं स्वच्छ.

काकूंनी चहा आणला. काकांनी क्रोमचं सिंक (एका खात्यातली एक्स्टेन्शन्स सगळ्या मशीनवर सारखी ठेवणारी सोय) चालू केलं आणि थोड्या वेळात तेच एक्स्टेन्शन परत!

काका माझ्याकडे बघायला लागले. मी मात्र बघत होतो रिमूव्हच्या बटणाकडे. ते या वेळी होतं. म्हणजे पॉलिसीतून नाही, हे खात्यातून आलं होतं. खातं कोणाचं? गणपतीला आलेल्या मुलाने स्वतःचंच जीमेल इथे टाकून ठेवलेलं. ठाण्यात त्याच्या लॅपटॉपवर तोच कन्व्हर्टर बसला होता. मी इथे काढलं, सिंकने तिकडून पाठवलं.

फोन लावला. "हो, आहे ना माझ्याकडे. जाहिराती जरा जास्तच येतात हल्ली," मुलगा म्हणाला. त्याला तिकडे काढायला लावलं, पासवर्ड बदलायला सांगितला, आणि काकांना त्यांचं वेगळं खातं करून दिलं.

काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. "आता थयसून काय धाडशीत, तर आधी फोन करून सांग."