रेतीतला मांडूळ अन् माझं सव्वीस मिनिटांचं स्टेटस

पहिलेच सांगून टाकतो, मी काही सर्पमित्र वगैरे नाही. लहानपणी आजोळी वावरात साप दिसला की सगळ्यात पुढे पळणारा मीच. त्यामुळे हे वाचून कोणी मला सापांबद्दल विचारायला येऊ नका, मला दोन दिवसांत जे कळलं तेवढंच माहीत आहे आणि ते पण स्वतःच्या मूर्खपणामुळे.

झालं असं की नागपुरात बेसा साईडला आमचा छोटासा प्लॉट आहे, तिथं कंपाउंडचं काम काढलं होतं. श्रावण चालू, नागपंचमी दोन दिवसांवर, पाऊस आला की काम बंद आणि पाऊस गेला की उकाडा असा की बनियान पिळून घ्यावं. कन्हानच्या रेतीचा ढीग महिनाभर ताडपत्रीखाली तसाच पडून होता. सकाळी साडेनऊला मिस्त्रीचा फोन आला, "साहेब, या लवकर, रेतीत दुतोंड्या निघाला." आवाज एकदम खूश. तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं की साप निघाला म्हणून कोणी खूश होत असतं का.

गेलो तर साप सिमेंटच्या रिकाम्या चुंगडीत. चुंगडीचं तोंड उघडून दाखवलं. मी आधी चार पावलं मागं, मग दोन पावलं पुढं. रंग विटेसारखा, अंग गुळगुळीत, पॉलिश मारल्यासारखं, मनगटाएवढा जाड आणि लांबी असेल अडीच फूट. फणा नाही, फुसफुस नाही, काहीच नाही. आम्ही वाकून पाहिलं तर त्यानं डोकं वेटोळ्याखाली घातलं आणि शेपूट थोडी वर करून ठेवली, आणि शेपूट पण अशी बोथट की मला खरंच दोन मिनिटं कळलं नाही तोंड कुठलं. डोळे मोहरीच्या दाण्याएवढे. खरं सांगू, मला तो आवडला. साप आवडायची ही माझी पहिलीच वेळ.

आणि आवडला म्हणून मी काय केलं, तर फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, "आमच्या बेस्याच्या प्लॉटवर नवीन पाहुणे". वर नागाची इमोजी. म्हणजे पत्ता पण दिला, माल पण दाखवला.

पहिला फोन सातव्या मिनिटाला. मेहुण्याचा मित्र, ज्याच्याशी मी लग्नात एकदा बोललो असेन. "भाऊजी, वजन किती हाय?" मला वाटलं माझं विचारतोय. दुसरा फोन अनोळखी नंबरवरून, हा माणूस तर डायरेक्ट बिझनेसवर, "अडीच किलोच्या वर असन तं बोला, पार्टी नागपुरातच थांबून हाय, गाडी पाठवतो." तिसरा फोन आमच्याच नात्यातला, चांगला इंजिनिअर झालेला, त्याचं म्हणणं की मी काही म्हणत नाही रे पण दोन दिवस कोणाला देऊ नको, मी एकाला विचारून सांगतो. स्टेटस काढेपर्यंत सव्वीस मिनिटं झाली होती आणि पाहणारे एकशे चाळीस.

मग मी विटांच्या थप्पीवर बसून मोबाईलवर वाचायला लागलो. मांडूळ, लाल मांडूळ, पूर्ण बिनविषारी. दिवसा भुसभुशीत मातीत, रेतीत दडून राहतो, रात्री निघतो, उंदीर-घुशी पकडून विळख्यात आवळून खातो. अंडी घालत नाही, मादीला थेट पिल्लंच होतात. शास्त्रीय नाव एरिक्स जॉनी, त्यातलं जॉनी 1801 मध्ये पॅट्रिक रसेलनं दिलेलं, आणि मजा म्हणजे इंग्रजीत आपल्या घोणसला ज्या रसेलच्या नावानं ओळखतात तो हाच. एक साप माणसाला अर्ध्या दिवसात आडवा करणारा, आणि दुसरा हा बिचारा, जो चिडला तरी शेपूट पुढं करतो.

इथपर्यंत वाचताना बरं वाटत होतं. पुढचं वाचून डोकं गरम झालं. म्हणे हा घरात ठेवला की गुप्तधन सापडतं, पैशाचा पाऊस पडतो, मर्दानगीचं औषध होतं आणि काय काय. आणि सगळा भाव वजनावर, म्हणून वजन वाढवायला त्याच्या पोटात लोखंडी छर्रे घालणारे महाभाग पण आहेत. जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडे 2013 मध्ये आला, वन्यजीव संरक्षण कायदा तर 1972 चा, तरी हे चालूच. डब्ल्यूसीएस-इंडिया या वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं मोजदाद केली होती, 2016 ते 2021 या काळात देशभरात मांडूळ जप्तीच्या 172 घटना, त्यातल्या 59 एकट्या महाराष्ट्रातल्या. म्हणजे पहिला नंबर आपला. आणि हे फक्त पकडले गेलेले.

यात माझा पेपरवाल्यांवर पण राग आहे. "कोटींचा मांडूळ जप्त" असं मोठ्या अक्षरात छापतात. अरे कोणाचे कोटी? ज्या वस्तूचा कायदेशीर बाजारच नाही तिला भाव कुठून आला? चोरानं जो आकडा सांगितला तोच छापायचा, मग गावोगावचे पोट्टे कुदळ घेऊन बांध खोदत फिरतात.

तेवढ्यात मिस्त्री जवळ येऊन बसला. खर्रा घोटत घोटत म्हणाला, "साहेब, माहा साळा ओळखते एकाले. तुमचं नाव कुठीच येत नाई. अर्धे तुमचे, अर्धे आमचे." मी त्याला कायदा सांगायला लागलो, शिक्षा होते, जेल होते वगैरे. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमाले पगार येते महिन्याच्या महिन्याले. या पावसात आमची अर्धी हजेरी बुडली." यावर मला काही सुचलं नाही, आजही सुचत नाही. मी एवढंच म्हटलं की भाऊ, ते पैसे कोणालाच मिळत नसतात. याला विकणारा त्याला विकतो, तो पुढच्याला, आणि शेवटी जो पकडला जातो तो तुझ्यासारखाच कोणीतरी असतो. पार्टी पकडली जाते का कधी? तो गप्प बसला. पटलं म्हणून की मी मालक म्हणून, ते माहीत नाही.

आता सापाचं करायचं काय? माझा पहिला विचार, मागं पऱ्हाटीचं वावर आहे तिथं सोडून देऊ आणि विषय संपवू. पण समोर तीन मजूर, शेजारच्या साईटचा चौकीदार आणि मिस्त्री असे पाच जण उभे. मी सोडला असता आणि माझी गाडी चौकात पोचायच्या आत तो परत चुंगडीत गेला असता. नाग निघाला असता तर लोक पळाले असते, कोणी काठी आणली असती. याच्यासाठी कोणीच काठी आणत नाही, सगळे हात पसरून येतात. भिणाऱ्या माणसाला समजावता येतं हो, पण ज्याला लॉटरी लागल्यासारखं वाटतंय त्याला काय समजावणार?

म्हणून 1926 लावला, वन विभागाची टोल-फ्री हेल्पलाइन. त्यांनी विचारलं कुठं, केव्हा, कोणता साप, कोणाला चावला का, आत्ता मोकळा आहे की पकडून ठेवलाय. फोटो मागितला (हा एकच फोटो योग्य ठिकाणी गेला). मग सूचना: चुंगडी सावलीत ठेवा, परत परत उघडू नका, पाणी ओतू नका, दूध तर अजिबात नको, कोणी हातात घेऊन व्हिडिओ काढायचा नाही आणि माणूस येईपर्यंत तिथून हलू नका.

दूध नको म्हटल्यावर मला हसू आलं, कारण चौकीदाराची बायको खरंच वाटीत दूध आणि हळदीकुंकू घेऊन येऊन उभी होती. साप दूध पीत नाही असं सांगितलं तर म्हणाली, "त्याले नाई, देवाले हाय." मग मी काय बोलणार. तिनं लांबूनच चुंगडीला हात जोडले आणि वाटी घेऊन परत गेली. सकाळपासून त्या सापाकडून काहीही न मागणारी ती एकटीच.

अडीच तास बसलो. त्यात एकदा बाईकवरून दोघं आले, गॉगल लावलेले, "भाऊ, फक्त पाहाचं हाय." पोटात गोळा आला होता पण मोठ्यानं म्हटलं, फॉरेस्टवाले रस्त्यात आहेत, थांबा, सोबतच पाहू. गॉगल काढायच्या आत गाडी वळली. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे वाक्य पाठ करून ठेवा, लय चालतं.

वनरक्षक आले, सोबत एक सर्पमित्र. त्यानं चुंगडीत हात घातला आणि मांडूळ असा उचलला जशी आपण उशी उचलतो, मग कापडी पिशवीत घालून वर गाठ मारली. वनरक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, "पकडला कोणी?" मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, रेती उचलताना निघाला, यांनी चुंगडीत ठेवला, मला कळवलं, मी तुम्हाला कळवलं. खोटं काही नव्हतं त्यात. त्यांनी मिस्त्रीकडे बराच वेळ पाहिलं, मग शांतपणे म्हणाले की घरी नेला असता तर आज आपण वेगळ्या ठिकाणी बसलो असतो. आणि मला म्हणाले, साप दिसला की पकडायचाच नाही, लांबून लक्ष ठेवायचं आणि फोन करायचा, तुम्ही पण लक्षात ठेवा.

मग पंचनामा. इथं खरी गंमत. सकाळपासून जत्रा भरली होती, पण पंच म्हणून सही करायला दोन माणसं पाहिजेत म्हटल्यावर प्लॉट रिकामा. एकाला पोरगी शाळेतून आणायची, एकाला बँकेत जायचं, चौकीदाराला अचानक सही करता येईना. शेवटी समोरच्या लाईनीतले एक काका आले, नुकतेच नागद्वारची यात्रा करून आलेले, पचमढीचे डोंगर चढून उतरून पाय सुजलेले, लंगडत लंगडत. मला वाटलं आता हे नागदेवतेचं काहीतरी काढणार. ते म्हणाले, "बारा वर्सं झाले जाऊन रायलो नागद्वारले, अन् घरासमोर देव आला तं सही नाई करणार? आना पेन." दुसरी सही मिस्त्रीनं केली. मी सांगितलं नव्हतं, त्यानं स्वतःच कागद ओढून घेतला. सही करून उठला आणि परत कामाला लागला, दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी राहवलं नाही म्हणून सेमिनरी हिल्सला ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला गेलो, वन विभागाचं, जखमी किंवा पकडलेली जनावरं-पक्षी तिथंच तपासतात. आत काही जाऊ दिलं नाही, बरोबरच आहे, पण डॉक्टर बाहेर येऊन बोलले. पोट हातानं चाचपून पाहिलं, एक्सरे काढला, छर्रे वगैरे काही नाही. वजन 740 ग्रॅम. शेपटीवर जुने व्रण आहेत म्हणाले. मी लगेच विचारलं, कोणी मुद्दाम कापलं का, कारण पूर्वी गारुडी शेपटीवर डोळे-तोंड कोरायचे असं वाचलं होतं. ते म्हणाले तसं वाटत नाही, मांडूळाच्या शेपटीवर असे व्रण नेहमी दिसतात, कोणी हल्ला केला की तो शेपूटच पुढं करतो, चावायचं तर इथं चाव म्हणून, आणि डोकं आत. उंदरांच्या बिळात घुसतो तेव्हा उंदीर पण सोडत नाहीत.

हे ऐकून मी पार्किंगमध्ये थोडा वेळ गाडीवर नुसताच बसून राहिलो. म्हणजे दोन तोंडाचा म्हणून ज्या शेपटीमुळे याच्या जिवावर उठलेत, ती त्यानं जीव वाचवायलाच तशी ठेवली होती.

संध्याकाळी अडीच किलोवाल्याचा परत फोन आला. या वेळी मीच पटकन सांगितलं, "सातशे चाळीस ग्राम." समोरून दोन सेकंद शांतता आणि फोन कट. परत नाही आला.

चार दिवसांनी वनरक्षकांना फोन केला, सोडला का म्हणून. हो म्हणाले, कालच सोडला, चांगल्या जागी. मी सहज विचारलं, कुठं?

"ते नाही सांगत," ते म्हणाले, "तुम्ही स्टेटस ठेवता."