पॅनेलच्या दाराआतला तक्ता

कंपनीत माझी पोस्ट डॉक्युमेंट कंट्रोलरची, त्याला मागाहून नॉलेज मॅनेजमेंटचं शेपूट जोडलं गेलंय. लोकांना वाटतं मी कागद सांभाळते, पण निम्मं काम कागद मारण्याचं असतं. सेटअप शीटची, म्हणजे मशीनवर कोणते आकडे भरायचे त्या कागदाची, नवी रिव्हिजन निघाली की जुनीच्या सगळ्या कॉप्या शोधायच्या, शिक्का मारायचा, फाडायच्या, कारण मशीनवर रिव्हिजन 6 आणि सिस्टीममध्ये 7 असं ऑडिटरला दिसलं की एनसी, म्हणजे नियम न पाळल्याची नोंद, पक्की. मशीनला चिकटवलेली चिठ्ठी, मार्करने लिहिलेला आकडा, ऑपरेटरच्या खिशातली डायरी हे सगळं आमच्याकडे 'अनकंट्रोल्ड', म्हणजे दिसलं की काढायचं. हे आधी सांगते कारण पुढचं सगळं इथेच येऊन अडकतं.

आमच्याकडे नायलॉनचे पार्ट बनतात, इंजेक्शन मोल्डिंगने, म्हणजे वितळलेला माल दाबाने मोल्डमध्ये, साच्यात, भरून. त्या दिवशी दोन नंबरचं मशीन मेंटेनन्सला होतं म्हणून प्लॅनिंगने त्याचा मोल्ड चार नंबरवर टाकला. चार नंबर सगळ्यात जुनं. सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, नवीन मुलगा, चांगला आहे, त्याने टॅबवर सेटअप शीट उघडली आणि एकेक आकडा जसाच्या तसा भरला. पार्ट आले ते फ्लॅश घेऊन, कडेला पापुद्रे, अंगावर तपकिरी रेघा, आणि नोझलमधून माल नुसता गळतोय.

मग नेहमीचं सुरू झालं. क्वालिटी म्हणाली मटेरियल ओलं असेल. पण नायलॉन ओलं असलं तर चंदेरी रेघा येतात, तपकिरी नाही, हे त्या सेटरने सांगितलं आणि कोणी ऐकलं नाही, ड्रायर तपासला, ओलावा मोजला, सगळं ठीक. मग टूलरूमने मोल्ड उतरवून पार्टिंग लाइन बघितली, यात निम्मी शिफ्ट गेली, मोल्डही ठीक. मग सगळे त्या मुलावर घसरले की तूच काहीतरी चुकीचं भरलंस. आमचे प्रोसेस इंजिनिअर डॅशबोर्डवरून हलले नाहीत, तिथे झोन 3, म्हणजे माल वितळवणाऱ्या बॅरलचा एक तापवायचा भाग, हिरवा होता, 280 अंश सेट, 280 प्रत्यक्ष, मग अडचण माणसातच असणार ना.

शेवटी मला बोलावलं, शीटची हिस्टरी काढा म्हणून. आता हे माझं आवडतं काम आहे आणि लोकांना ते फारच कंटाळवाणं वाटतं. रिव्हिजन 1 ते 4 मध्ये मशीनच्या रकान्यात फक्त '2' होतं. ट्रायल रिपोर्ट जोडलेले, तेही दोन नंबरचेच. रिव्हिजन 5 मध्ये अचानक '2/4' झालं. बदलाचं कारण बघितलं तर 'एडिटोरियल', म्हणजे स्पेलिंग सुधारलं की जे टाकतात ते. ट्रायल रिपोर्ट नाहीच. तिन्ही मंजुऱ्या एकाच दुपारी, काही मिनिटांच्या अंतराने. मी या खुर्चीत येण्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. प्लॅनिंगला मोकळीक हवी होती, कोणीतरी एक तिरकी रेघ आणि एक आकडा टाकला, आणि त्या दिवसापासून कागदावर दोन मशीनं जुळी झाली.

पण मग इतकी वर्षं चार नंबरवर हाच मोल्ड मध्ये मध्ये चालायचा, तेव्हा माल चांगला कसा निघायचा? तेव्हा सेटर काका होते. आता रिटायर झालेत. फोन लावला.

"त्यात काय, चार नंबरच्या कंट्रोल पॅनेलचं दार उघडा," काका म्हणाले, "आतल्या बाजूला लिहिलंय सगळं. मोल्डप्रमाणे."

दार उघडलं. आत नवाकोरा राखाडी रंग.

ऑडिटच्या आधी प्लांटमध्ये फाइव्ह एस मोहीम झाली होती. नको ते टॅग लावून काढणं, जागच्या जागी ठेवणं, घासूनपुसून चकाचक करणं, चांगलीच गोष्ट आहे, मी विरोधात नाही. पण चकाचकच्या धुमाळीत पॅनेलची दारं आतूनसुद्धा रंगवली, आणि त्या डिपार्टमेंटला ढाल मिळाली. फोनवर काकांना सांगितलं तर दोन सेकंद काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "बरं. चांगलं दिसतंय का आता?"

आकडे तोंडी सांगता येतील का विचारलं, तर म्हणे मशीनसमोर उभा राहिलो तर हात जाईल, घरात बसून नाही आठवायचं. यात नाटक काही नाही. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यीने 1966 मध्येच लिहून ठेवलंय की माणसाला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, आमच्या नॉलेज मॅनेजमेंट कन्सल्टंटच्या पहिल्या स्लाइडवर ते होतं. दुसऱ्या स्लाइडवर नोनाका आणि ताकेउची या जपानी अभ्यासकांचं 1995 चं मॉडेल, मनातलं ज्ञान कागदावर कसं आणायचं त्याचे बाण. काकांनी ते आणलं होतंच की, फक्त कागदावर न आणता पत्र्यावर आणलं.

मग मला सुचलं की मोहिमेचं प्रेझेंटेशन असतंच, त्यात 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो असतात. उघडलं. स्लाइडवर 'आधी' खाली तोच तक्ता, लाल गोल काढून, बाजूला लिहिलंय 'अस्वच्छ पृष्ठभाग'. स्लाइडवर वाचता येत नव्हता, कमिटीतल्या एकाच्या मोबाइलमधून मूळ फोटो मिळवला. मोल्ड नंबर, झोन 3, होल्डिंग प्रेशर, कूलिंग, सगळं ओळीत, जुने आकडे खोडून वर नवे, आणि एका कोपऱ्यात 'नवीन लॉट असेल तर आधी पर्ज करून बघणे', पर्ज म्हणजे बॅरलमधला माल बाहेर काढून टाकणं. अक्षर सुंदर, आमच्या निम्म्या एसओपींपेक्षा, म्हणजे कामाच्या ठरवून दिलेल्या लेखी पद्धतींपेक्षा, वाचायला सोपं. शेवटच्या दोन ओळींवर फ्लॅशचा उजेड पडलेला, त्या नुसत्या पांढऱ्या. आपल्या मोल्डची ओळ मात्र दिसत होती. झोन 3 पुढे 265.

दुपारी काका स्वतःच आले. गेटवर व्हिजिटर पास, मग सेफ्टीचा व्हिडिओ बघायला बसवलं, ज्यात मशीनचा गार्ड कसा उघडायचा ते दाखवणारा माणूस काका स्वतःच आहेत. आत आल्यावर मी फोटोची प्रिंट पुढे केली, त्यांनी बघितलीही नाही. मोल्डपासून युनिट मागे घेतलं, पर्ज केलं, बाहेर पडलेला गोळा पक्कडीने ओढून त्याचा धागा कसा तुटतो ते बघितलं, रंग बघितला. झोन 3 खाली आणला, थांबले. बराच वेळ नुसते थांबले, बाकी सगळे चुळबुळ करत होते. परत पर्ज, परत धागा. मग होल्डिंग थोडं वाढवलं. त्यानंतर काही शॉटमध्येच पार्ट स्वच्छ यायला लागले. झोन 3 वर आकडा होता 265.

मी लॅपटॉप घेऊन बाजूला उभीच होते, विचारलं असं का. काकांनी जे सांगितलं ते मेंटेनन्सच्या एकाही रेकॉर्डमध्ये नाही. फार पूर्वी एका ब्रेकडाउनला झोन 3 चा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, गेला, स्टोअरमध्ये बरोबरचा नव्हता, आखूड मिळाला तो बसवला. टोक भोकाच्या तळाला टेकत नाही, मध्ये हवा राहते, म्हणून तो खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, आणि कंट्रोलर बिचारा आकडा गाठायला हीटर चालूच ठेवतो. डॅशबोर्डवर 280, बॅरल त्याहून बरंच तापलेलं, नायलॉन आत जळतंय. मी नंतर सिस्टीममध्ये त्या ब्रेकडाउनची नोंद शोधली. 'झोन 3 थर्मोकपल बदलला. मशीन चालू.' शेरा: ओके. कोणता बसवला, का, तात्पुरता की कायमचा, त्याला रकानाच नाही. आमच्या मेंटेनन्स सॉफ्टवेअरमध्ये किती मिनिटं मशीन बंद होतं ते सेकंदांपर्यंत आहे.

आणि मग मी काकांच्या रिटायरमेंटचा नॉलेज ट्रान्सफर फॉर्म उघडला. एचआरने शेवटच्या आठवड्यात भरून घेतलेला. 'आपल्याकडे असलेली महत्त्वाची पण दस्तऐवजात नसलेली माहिती' या प्रश्नापुढे काकांनी लिहिलंय: 'काही नाही. सर्व काम एसओपीप्रमाणे.'

मी त्यांना विचारलंच की असं का लिहिलंत. म्हणाले, "मॅडम, खरं लिहिलं असतं तर तुम्हीच एनसी काढली असती ना, की शीटमध्ये 280 असताना हा माणूस 265 वर का चालवतो?"

काढली असती. नियमच तसा आहे. आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या स्टँडर्डच्या 2015 च्या आवृत्तीत 7.1.6 हे कलम नव्याने आलं, संस्थेचं ज्ञान ओळखा, टिकवा, गरजूला उपलब्ध करा. त्याच स्टँडर्डमध्ये 7.5.3 आहे, दस्तऐवजांवर नियंत्रण ठेवा. दोन्हीत एकमेकांविरुद्ध काही नाही, वाचलं तर दोन्ही पटतात. पण प्रत्यक्षात ऑडिटला 7.1.6 साठी आम्ही पोर्टलवर किती फाइली अपलोड झाल्या त्याचा ग्राफ दाखवतो, आणि 7.5.3 साठी मार्करचे आकडे पुसतो. कंपनीतली सगळ्यात कामाची फाइल दाराच्या आत होती आणि ती मोजणीत कधीच नव्हती.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत डब्ल्यू 76 या अण्वस्त्राच्या नूतनीकरणात 'फॉगबँक' नावाचं एक मटेरियल परत बनवायचं होतं. 1980 च्या दशकात बनवलेलं, पण पद्धतीच्या नोंदी फार थोड्या ठेवलेल्या आणि जाणकार माणसं जवळजवळ सगळी रिटायर झालेली किंवा सोडून गेलेली, असं तिथल्या सरकारी लेखातपासणी संस्थेने 2009 च्या अहवालात नोंदवलंय. पुढे कळलं की मूळ कच्च्या मालात एक अशुद्धी होती, तिच्यामुळेच माल जमायचा, आणि हे मूळ बनवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. नव्या प्रक्रियेत सफाई जास्त चांगली, ती अशुद्धीच निघून गेली. आमच्या काकांना निदान कारण तरी माहीत होतं.

आता 'कापा' (CAPA) भरायचाय, म्हणजे दोषाचं मूळ कारण आणि उपाय लिहायचा फॉर्म. मूळ कारणाचा ड्रॉपडाउन: माणूस, मशीन, मटेरियल, पद्धत. क्वालिटी हेडचा आग्रह 'माणूस, ट्रेनिंगचा अभाव' टाकून बंद करा. म्हणजे ज्या मुलाने शीट तंतोतंत पाळली त्याला शीट पाळायचं ट्रेनिंग. मी सही केलेली नाही, रोज रिमाइंडर येतोय. थर्मोकपल बदला म्हटलं तर मेंटेनन्स म्हणतं पुढच्या शटडाउनला, आणि त्यांचंही अगदीच चूक नाही, कारण बदलला की तक्त्यातले सगळेच आकडे बाद, प्रत्येक मोल्डची ट्रायल नव्याने. तोपर्यंत तक्त्याचा फोटो डॉक्युमेंट नंबर देऊन सिस्टीममध्ये चढवलाय आणि प्रिंट पॅनेलवर लावलीय, माझ्या सहीने. शीटमधला '/4' काढलाय, यावेळी कारण नीट चार ओळींत लिहिलंय.

राहता राहिल्या त्या पांढऱ्या दोन ओळी. काकांना त्या कुठल्या मोल्डच्या ते नक्की आठवत नाही, एक बहुतेक स्क्रॅप झालेल्याची, दुसरी झाकणाच्या मोल्डची असावी म्हणाले. झाकणाचा मोल्ड पुढच्या महिन्याच्या प्लॅनमध्ये आहे. प्लॅनिंगला सांगायला गेले की तो चार नंबरवर लावू नका, तर त्यांनी विचारलं, हे कुठे लिहिलंय?