द्वादशीचा पेशंट

आषाढीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पित्ताची गर्दी असते. साबुदाण्याची खिचडी, तळलेले पापड, दाण्याची आमटी, वर चार कप चहा. ‘एकादशी दुप्पट खाशी’ केलेली मंडळी द्वादशीला सकाळी छातीवर हात ठेवून बाकावर बसलेली असतात. कराडला प्रॅक्टिस करणाऱ्या कुठल्याही फिजिशियनला हा दिवस तोंडपाठ असतो. त्यामुळे कॅज्युअल्टीतून आरएमओचा, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरचा, फोन आला, “मॅडम, काल उपवास होता, पहाटेपासून उलट्या, पोटात दुखतंय, ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलंय,” तेव्हा त्यात नवल काहीच नव्हतं. पण पोरगा हुशार. फोन ठेवता ठेवता म्हणाला, “शुगर १७४ आहे, पण श्वास काही बरोबर वाटत नाही.” ओपीडी तशीच सोडून खाली गेले.

पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ होते, हायस्कूलमध्ये इतिहास शिकवणारे. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. श्वास जलद होताच, पण प्रत्येक श्वास तळापासून ओढल्यासारखा खोल आणि मध्ये उसंत नाही. छाती तपासली तर स्वच्छ, ऑक्सिजन ९९. फुप्फुसात काही नसताना माणूस असा श्वास घेत असेल तर रक्तात आम्ल साठलंय असं समजायचं. कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून शरीर ते आम्ल कमी करू बघतं. सरांच्या पत्नींनी पिशवीतून मधुमेहाच्या गोळ्या काढून दिल्या. मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन.

“ताई, काल यांनी खाल्लं काय?”

“काही नाही हो मॅडम. खिचडी नको, भगर नको, दाणे नकोत, ताकसुद्धा नको. ते पॅलिओ चाललंय ना त्यांचं!”

पॅलिओ म्हणजे शेती सुरू होण्याआधी माणूस जे खायचा म्हणतात, ते खायचं. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद, बदाम-अक्रोड चालतात. धान्य, डाळी, दूधदुभतं, साखर बंद. शेंगदाणा डाळींच्या कुळातला, म्हणून तोही बाद. १९८५ साली ईटन आणि कॉनर या दोघांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ही कल्पना मांडली, तेव्हापासून ती जगभर फिरते आहे. थोतांड म्हणून ती उडवून लावावी असं मला वाटत नाही. स्वीडनमध्ये २००९ साली १३ मधुमेही रुग्णांवर झालेल्या छोट्या प्रयोगात नेहमीच्या डायबेटिक आहारापेक्षा या आहाराने एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज, जास्त उतरलं होतं. सरांनाही फायदा झालाच होता. पहिल्या आठवड्यात डोकं धरलं, पोटऱ्यांत गोळे आले, घरात चिडचिड झाली. पण मग पाचव्या तासाला वर्गात येणारी पेंग गेली, रात्री घशाशी येणारं आंबट थांबलं, पँट ढगळ झाली. माझ्या मते यातलं निम्मं श्रेय अश्मयुगाचं नसून सुटलेल्या खारी-बिस्किटांचं आणि फरसाणाचं आहे. ते असो, माणसाला बरं वाटत होतं हे खरं.

गोम वेगळीच होती. पॅलिओत रताळं, सुरण, फळं चालतात, म्हणजे पिष्ट आणि साखर पोटात जातेच. पण मधुमेह आहे म्हणून सरांनी तेही सोडलं होतं. त्यात घरात वार पाळतात. सोमवार, गुरुवार, शनिवार मटण नाही, अंडं नाही. धान्य नाही, डाळ नाही, दूध नाही आणि वर मांसही नाही, मग उरलं काय? काकडी आणि मूठभर बदाम. आषाढीला तर तेवढंही नाही. उपवासाची खिचडी, भगर, दाणे, ताक पॅलिओला चालत नाही, आणि दोन्हीकडे चालणारं रताळं, फळं सरांनी आधीच सोडलेली. दिवसभर पाणी आणि बिनदुधाचा चहा. गोळी मात्र सकाळी वेळेवर घेतली.

डॅपाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकतं, दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम. औषध चांगलं आहे, हृदयाला आणि किडनीलाही त्याचा फायदा होतो. २०२० साली भारतात पेटंट संपलं आणि ते स्वस्त झालं, त्यामुळे आता ते सर्रास दिलं जातं. पण तोंडाने काही जात नाही आणि लघवीतून साखर जातेच आहे, अशा वेळी इन्सुलिनची पातळी घसरते, शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून तयार होणारी कीटोन नावाची आम्लं रक्तात साठतात. साखर बाहेर पडत असल्यामुळे ग्लुकोमीटर शांतच राहतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, या धोक्याची सूचना २०१५च्या मे महिन्यात दिली होती.

लघवीत कीटोन तपासायची पट्टी गर्द जांभळी झाली. एबीजीत, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, पीएच ७.१२, बायकार्बोनेट ८, म्हणजे आम्ल बरंच साठलं होतं. आयसीयूत हलवलं. सलाइन, इन्सुलिनचा ड्रिप, सोबत डेक्स्ट्रोज आणि पोटॅशियमवर नजर.

ताई दारात उभ्या. “शुगर नॉर्मल आहे म्हणता, मग इन्सुलिन कशाला? आणि वर ग्लुकोज पण लावलंय!” प्रश्न अगदी रास्त होता. सांगितलं, इन्सुलिन साखरेसाठी नाही, लिव्हरमध्ये तयार होणारं ॲसिड थांबवण्यासाठी आहे, आणि त्याने शुगर खाली जाऊ नये म्हणून ग्लुकोज. त्यांना कितपत पटलं कोण जाणे. डायबेटिसच्या डॉक्टरांना पॅलिओबद्दल सांगितलं होतं का, असं विचारलं तर म्हणाल्या, “त्यात सांगायचं काय? औषध थोडंच बदललं होतं?” डाएट लिहून देणाऱ्याने गोळ्यांबद्दल विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही खाण्याबद्दल विचारलं नसावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्वास शांत झाला आणि सरांमधला इतिहासशिक्षक जागा झाला. नेवाशाला प्रवरेच्या काठी पुरातत्त्वज्ञ सांकलियांना मिळालेल्या अश्मयुगीन दगडी हत्यारांपासून सुरुवात. मी पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं उत्खनन काढलं, साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे जव पिकत होते. “ते ताम्रपाषाण युग, मॅडम. फार अलीकडचं.” मग मी इटलीतल्या ३० हजार वर्षांपूर्वीच्या दळायच्या दगडांवर सापडलेले पिष्टाचे कण पुढे केले. त्यावर जरा वेळ गप्प बसले आणि संदर्भ मागितला. नर्सिंगच्या पोरी हसत होत्या.

डॅपाग्लिफ्लोझिन कायमचं बंद केलं. नुसत्या मेटफॉर्मिनवर तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.७ आलं. वजन उतरलेलंच आहे, पेंगही परत आलेली नाही. रताळं आणि फळं परत सुरू झाली. वाराच्या दिवशी मुगाची डाळ घ्यायलाही सर तयार झाले, फार आढेवेढे घेऊन. भाकरी नाहीच. दुधावर तर आमचं अजिबात जमलं नाही, तेव्हा कॅल्शियमसाठी तीळ, सुकट आणि शेवग्याचा पाला यावर तडजोड झाली. सुकट सोमवारी, गुरुवारी, शनिवारी चालत नाही, म्हणजे आठवड्यातले तीन दिवस शेवगा. ताईंनी मला स्वच्छ सांगितलं, तो पाला निवडत बसायला त्यांना वेळ नाही. आता सर शाळेतून आल्यावर स्वतः निवडतात.