विजू, यू आर ऑन म्यूट

गेल्या पाच वर्षांत मला नावानं सगळ्यांत जास्त हाका कुणी मारल्या असतील, तर त्या नॉर्वेतल्या बर्गन गावच्या एका बाईनं. आणि हाक तरी काय! "विजू, यू आर ऑन म्यूट."

मी आपली हळद कशी शिजवतात, कशी वाळवतात, सगळं हातवारे करून सांगत असते. समोरच्या चौकोनांतल्या बायका मान हलवत असतात. दोन मिनिटांनी कळतं की आवाज बंदच आहे. बाकीच्या सभ्य, काही बोलत नाहीत. बर्गनची बाई मात्र सांगते. पहिल्यांदा तिनं "विजू" म्हटलं तेव्हा मी माइक सुरू करायचं विसरून नुसती बसून राहिले. आई गेल्यापासून त्या नावानं मला फक्त भाऊ हाक मारतो, तीही राखीपौर्णिमेला आणि दिवाळीला.

झालं होतं असं, की 2020 साली आमच्या इनरव्हील क्लबची, म्हणजे आम्हा बायकांच्या सेवाभावी क्लबची, सभा झूमवर घ्यायचं ठरलं. सांगलीच्या विश्रामबागेत बसून मला ते काही जमेना. म्हणून साताऱ्याच्या भाचीला फोन लावला. तिनं तिथूनच माझं खातं उघडून दिलं. नाव काय घालू, हे तिनं विचारलंच नाही. तिच्या लेखी मी विजूआत्या. तिनं 'विजू' लिहिलं आणि मोकळी झाली.

सांगलीत विजू नावाची कुणी बाई नाही. 1986 साली साताऱ्याच्या मंगळवार पेठेतली विजया लग्न होऊन इथं आली, तर घरात विजया नावाची नणंद आधीच होती. एका घरात दोन विजया कशाला, म्हणून ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'नीलिमा' लिहिलं गेलं, पेढे वाटले गेले. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर तेव्हा शालूची टोचणी इतकी होती की नावाकडे लक्षच गेलं नाही. पण पुढे नीलिमा तरी कुणी म्हणालं? सासूबाई "अगं ए", हे "ऐकलंस का", मुलं आई, गणपती पेठेतल्या दुकानातली पोरं वहिनी, शेजाऱ्यांसाठी मोठा शाळेत असेपर्यंत मोठ्याची आई आणि नंतर धाकट्याची. नीलिमा फक्त रेशनकार्डावर आणि लग्नपत्रिकांच्या पाकिटावर, तीही 'सौ.' आणि ह्यांच्या नावाच्या मागून फरफटत येणारी.

ह्यात भर रोटरीची. हे रोटरीत गेले आणि मी 'ॲन' झाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रोटेरियनच्या, म्हणजे रोटरी क्लबच्या सभासदाच्या, बायकोला ॲन म्हणायची पद्धत आहे. 1914 साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या अधिवेशनाला निघालेल्या आगगाडीत एका सभासदाची बायको होती, तिचं नाव ॲन. पुरुषांच्या त्या गाडीत तिला सगळे गमतीनं 'रोटरी ॲन' म्हणू लागले आणि मग जगभरच्या समस्त रोटरी बायका ॲन झाल्या. पोरं झाली ॲनेट. म्हणजे माझी नावं आधीच दोन, त्यात हे तिसरं. निमंत्रणावर 'सर्व रोटेरियन व ॲन्स' वाचलं की मला लहानपणी वर्गात शिरताना म्हटलेलं "सर्व मुले व मुली" आठवायचं. आपण कुठंतरी त्यात असतो एवढं खरं.

इनरव्हीलमध्ये आल्यावर हा प्रकार संपेल असं वाटलं होतं. हा क्लब बायकांचा, आपला आपण चालवलेला. पण त्याचा इतिहास वाचायला गेले तर तिथंही तेच. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या रोटेरियनांच्या बायकांनी हा क्लब काढला. 1923 च्या नोव्हेंबरात सत्तावीस जणी जमल्या. कुठं? तर एका टर्किश बाथच्या थंड खोलीत! आपल्याकडे बायकांच्या गप्पा पाणवठ्यावर रंगतात म्हणतात, त्यांच्या न्हाणीघरात रंगल्या. पुढं 10 जानेवारी 1924 ला क्लब रीतसर सुरू झाला, म्हणून ती तारीख आम्ही इनरव्हील डे म्हणून पाळतो. हे सगळं जिनं घडवलं ती बाई पेशानं परिचारिका, स्वतःचा व्यवसाय सांभाळणारी, नाव मार्गरेट. आणि क्लबच्या जुन्या कागदांत ती भेटते कशी? मिसेस ऑलिव्हर गोल्डिंग. ऑलिव्हर म्हणजे तिचे अहो. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. बरं म्हणजे वाईटच वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं. म्हणजे ही आपल्यातलीच.

भारतात क्लब आला 1955 मध्ये, अहमदाबादेत. आता शंभराहून जास्त देशांत आहे आणि नवरा रोटरीत असला पाहिजे ही अट राहिलेली नाही. क्लबची उद्दिष्टं तीन आहेत, त्यात पहिलं खरी मैत्री, दुसरं सेवा आणि तिसरं देशादेशांतली समज. मला सुरुवातीला हा क्रम उलटा वाटायचा. आधी कामं करा, मैत्री काय होईल सावकाश. दहा शाळांना पाण्याच्या टाक्या देऊन झाल्या, बॅनर धरून त्यांचे फोटोही काढून झाले (टाकी लहान, बॅनर मोठा, असा आमचा एक फोटो आहे), तेव्हा कळलं की कामं ज्यांनी उरकली त्या एकमेकींच्या घरी चहाला जाणाऱ्याच होत्या.

तर त्या झूमवर परदेशी क्लबांशी संयुक्त सभा ठरली. वेळ ठरवण्यातच आठवडा गेला. शेवटी आमची दुपारचे दीड ठरली. मँचेस्टरला सकाळचे आठ, बर्गनला नऊ, न्यूझीलंडला रात्रीचे नऊ. न्यूझीलंडची बाई गाऊनवर शाल घेऊन बसलेली, मँचेस्टरच्या बाईंच्या हातात टोस्ट, आणि आमच्या इकडे मागे भांड्यांचा आवाज, कारण दीड म्हणजे ओटा आवरायची वेळ.

इंग्रजीचं मला भारी दडपण. शाळा साताऱ्याची, मराठी माध्यम. पण दोन सभांत एक शोध लागला. मँचेस्टरच्या बाई बोलल्या की आम्हाला काही कळत नाही. इंग्रजी त्यांची आई, त्यामुळे त्या तिच्याशी कसंही वागतात, अर्धे शब्द गिळतात. बर्गनच्या बाईचं मात्र सगळं कळतं. कारण इंग्रजी आम्हा दोघींचीही सावत्र आई. आम्ही तिच्याशी जपून, हळू, व्याकरणाच्या चुका करत वागतो. बर्गनवाली एकदा मला लिहिते, "टुडे आय हॅव मच रेन." मी लिहिलं, "हिअर आय हॅव नो रेन, ओन्ली हीट." दोघींना पूर्ण कळलं. मँचेस्टरच्या बाईंनी ते वाचलं असतं तर त्यांना फिट आली असती.

पावसावरून आमची खरी ओळख झाली. बर्गनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो. ती सात डोंगरांचं गाव म्हणून ओळख सांगते. मी उडालेच! सात डोंगरांमधलं म्हणून सातारा, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. मी तिला मोजून दाखवायला लागले. अजिंक्यतारा, यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर, पेढ्याचा भैरोबा... आणि अडकले. भावाला फोन केला, तो सहाव्याला अडकला. बर्गनवाली म्हणाली काळजी करू नकोस, आमच्याकडेही सात कुठले यावर भांडणं आहेत. अशा माणसाशी मैत्री होणार नाही तर काय होणार?

पण पावसाचं एक तिला समजावता समजावेना. जुलै 2021 मध्ये सांगलीत पूर आला. तिनं बातमी बघून विचारलं, तुमच्याकडे फार पाऊस का? मी म्हटलं, नाही, इथं तर ऊन पडलंय. आता हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. पाऊस पडतो महाबळेश्वरला, कोयनेला, वारणेच्या खोऱ्यात, आणि बुडतो आम्ही. कृष्णा महाबळेश्वरहून निघते, कऱ्हाडला कोयना घेते, आणि सांगलीला वळसा घालून हरिपुराशी वारणेला भेटते. वारणा फुगली की कृष्णेला पुढं सरकायला वाट मिळत नाही, ती मागं गावात पसरते. हे मी नकाशा काढून, फोटो पाठवून सांगितलं. मग मी तिला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणी मोजायची पट्टी सांगितली. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. 2019 ला सत्तावन्नच्या वर गेलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी तिचा मेसेज. "हाऊ इज आयर्विन?"

घरात एकच गोंधळ. दुकानातला माल वरच्या मजल्यावर चढवलेला, हे चिंतेत, आणि माझ्या फोनवर कुणीतरी रोज आयर्विनची खुशाली विचारतंय. ह्यांनी शेवटी विचारलंच, हा आयर्विन कोण? मी म्हटलं, व्हाइसरॉय. 1929 साली पुलाचं उद्घाटन करून गेला आणि आपल्याकडे पाणी मोजायला राहिला. हसले. त्या आठवड्यात तेवढंच एकदा हसले. मी बर्गनला कळवायची, फिफ्टी प्लस, मग फिफ्टी, मग फॉर्टी सेव्हन. ती फुटाचे मीटर करून तिच्या क्लबात सांगायची. एक दिवस तिनं विचारलं नाही, तर मला चुकल्यासारखं झालं. माझ्या सख्ख्या जावेनं, जी पुण्यात असते, त्या आठवड्यात दोनदा फोन केला. तक्रार नाही. नुसतं सांगते.

पुढं मी तिला हळद पाठवली. तिकडच्या कॉफीच्या दुकानांतही हळदीचं दूध मिळतं म्हणे, महाग. मी सांगलीची हळद काय असते ते सांगितलं. 2018 साली तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं हेही. पण तिला रस पेवांत. हरिपुरात जमिनीखाली खोल पेवं खणून त्यांत हळद साठवायचे, कीड लागत नसे, वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या पुरात त्यातली बरीच गेली. ती म्हणाली, म्हणजे तुमची हळद जमिनीतून येते आणि परत जमिनीत जाऊन झोपते? हे मला आयुष्यभर हळदीच्या गावात राहून सुचलं नव्हतं. हळदीच्या बदल्यात तिच्याकडून हातानं विणलेली लोकरीची टोपी आली, कान झाकणारी. एप्रिलमध्ये. सांगलीत तेव्हा चाळीस अंश. मी ती घालून पंख्याखाली फोटो काढून पाठवला. डिसेंबरात ती टोपी खरंच घालते, पहाटे फिरायला जाताना, आणि लोक बघतात.

हे सगळं गोडगोड आहे असं नाही. गटावर रोज गुलाबाचं फूल आणि सूर्य असलेले सुप्रभात येतात, जगाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात सकाळ असतेच. एक जुलैला क्लबचं वर्ष बदलतं, पदाधिकारी बदलतात, गळ्यातली पदकं बदलतात, आणि नव्या अध्यक्षांना संयुक्त सभेत रस नसेल तर वर्षभर काही नाही. निम्म्या ओळखी अशाच विरल्या. न्यूझीलंडची बाई हल्ली दिसत नाही. झोप येते म्हणाली होती, तेवढ्यावरच राहिलं.

आणि मी काही फार सरळ नाही. बर्गनच्या बाईचं नाव माझ्या जिभेवर नीट बसत नाही, त्यात एक अक्षर असं आहे की ते म्हणताना आपण उलटी करतोय असं वाटतं. म्हणून घरात ती 'बर्गनच्या ताई'. ह्यांच्या तोंडी तर 'बर्गनकरीण'. ती मला नावानं हाक मारते आणि मी तिला गावानं. मिरजेच्या काकू, तासगावच्या मावशी, तशी बर्गनची ताई.

हे लक्षात आलं ते मागच्या 10 जानेवारीच्या सभेत. आमच्या खजिनदारबाईंनी, ज्या माझ्या तीन घरं पलीकडे राहतात, सभेनंतर फोन केला. "वहिनी, त्या बाई तुम्हाला विजू काय म्हणतात?" मी सगळं सांगितलं. तांदूळ, नणंद, भाची. त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, माझंही बदललं होतं.

बावीस वर्षं आम्ही शेजारी. संक्रांतीला एकमेकींच्या घरी हळदीकुंकू, वाणं, नवऱ्यांची नावं घेतलेले उखाणे पाठ. आणि त्यांचं माहेरचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. विचारलं तर आधी "जाऊ द्या हो" झालं. मग हळूच सांगितलं, कुणाला सांगू नका अशी शपथ घालून. म्हणून इथं लिहीत नाही. छान नाव आहे, दोन अक्षरी, चांदीच्या वाटीवर चमचा वाजावा तसं.

पुढच्या महिन्यात त्या झूमवर हिशेब सांगत होत्या आणि आवाज बंद. पाच मिनिटं, जमा, खर्च, शिल्लक, सगळं मुक्यानं. बर्गनवाली काही बोलेना, तिच्याकडे बहुतेक चहा चालला होता. मी माइक सुरू केला आणि त्यांना त्या नावानं हाक मारली.

त्या बोलतच राहिल्या. आपल्यालाच म्हणतायत हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. मी पुन्हा हाक मारली. तेव्हा त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदा मागे दाराकडे वळून बघितलं, जणू माहेराहून कुणी आलंय.