साष्टीची पोथी, लंडनच्या टेबलावर

पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. लंडनच्या सोआस या विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या दुर्मीळ संग्रहाच्या वाचनकक्षात मी हात धुऊन बसले होते. फोमच्या उशीवर त्यांनी पोथी उघडून ठेवली आणि मी पहिली पाच मिनिटं काही वाचलंच नाही. नुसती देवनागरी बघत राहिले.

ही क्रिस्तपुराणाची हस्तलिखित प्रत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचा पाद्री, १५७९ मध्ये गोव्याला आला, तिथल्या साष्टी भागात राहिला, आणि ख्रिस्ताची कथा त्याने मराठी ओव्यांत सांगितली. जवळजवळ अकरा हजार ओव्या! १६१६ मध्ये रायतूरला हा ग्रंथ छापला तो रोमी लिपीत, कारण देवनागरीचे छपाईचे खिळेच नव्हते. ते पाडून घ्यावेत म्हणून स्टीफन्सने १६०८ मध्ये रोमला पत्र लिहिलं होतं. खिळे काही झाले नाहीत. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही पुराण छापलं गेलं, पण त्या तिन्ही छपायांची एकही प्रत आज हाती लागत नाही. उरल्या त्या हाताने उतरवलेल्या प्रती. त्यातली ही देवनागरी प्रत विल्यम मार्सडेन या इंग्रज अभ्यासकाच्या संग्रहातली. त्याने आपली पुस्तकं १८३५ मध्ये किंग्ज कॉलेजला दिली, तिथून ती सोआसकडे आली.

मी इथे आंतरधर्मीय अभ्यास शिकते. आमच्या वाचनयादीत ‘संवाद’ हा शब्द पानोपानी भेटतो. या पोथीने मला त्या शब्दाकडे नीट बघायला लावलं. पुराणाच्या सुरुवातीलाच बाटलेली माणसं पाद्रीला म्हणतात, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काहीतरी द्या. ज्यांनी काढून घेतलं त्यांच्याच ग्रंथात ही मागणी लिहिलेली आहे. मला वाटतं, शांततेच्या अभ्यासाला ग्रंथालय लागतं ते यासाठी. गोड तेवढं निवडून ठेवलं तर ही जागा दिसणारच नाही.

चार ओव्या मी पेन्सिलीने उतरवून घेतल्या आणि संध्याकाळी वेंगुर्ल्याला आईला फोनवर वाचून दाखवल्या. आई दर श्रावणात हरिविजय वाचते, ओवीचा ठेका तिच्या कानात बसलेला. वर्गात जे कोकणी शब्द मी कोशात शोधत होते, ते तिला विचारावेही लागले नाहीत.

“कोणाची गो ही पोथी?”

“एका पाद्र्याची.”

“मगे थांबलंस कित्याक? फुडे वाच.”

मी वाचलं. मग पाद्र्याकडे पोथी मागणाऱ्या त्या माणसांची गोष्टही सांगितली. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आणि त्यांच्यो आपल्यो पोथयो खंय गेल्यो?”

दुसऱ्या दिवशी मी मागणीच्या चिठ्ठीवर पोथीसोबत साष्टीच्या इतिहासाची पुस्तकं लिहिली: १५६७ मध्ये पाडलेली देवळं, १५८३ चं कुंकळ्ळी. तिथे पाच जेझुइट मारले गेले आणि मग गावच्या प्रमुखांना ठार केलं गेलं. दुपारपर्यंत सगळं एकाच टेबलावर आलं. पोथी उशीवर, आणि बाकीची तिच्या उजव्या हाताला.